नॉर्वेचं पाणी, चंडीपूरचं तीर्थ

युरोपातलं एखादं जुनं नाटक बंगाली सिनेमात आणायचं ठरलं की चर्चा लगेच नावांवर जाते. थॉमसला कुठलं बंगाली नाव द्यायचं, गाव कुठलं घ्यायचं, कपडेपट कसा ठेवायचा. ही सगळी शेवटची कामं आहेत. आधी एकच गोष्ट शोधावी लागते: मूळ नाटकात सगळं गाव ज्याच्या जिवावर जगतंय, त्याच्या जागी बंगालमध्ये काय ठेवायचं? ते नेमकं सापडलं की पात्रं, पेशे, नाती आणि शेवट त्याच्यामागून आपोआप बदलत जातात. ते चुकलं, तर धोतर नेसलेले नॉर्वेकर पडद्यावर फिरत राहतात आणि प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही की ही माणसं एवढी चिडली कशावर आहेत.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे सत्यजित राय यांचा १९८९ सालचा 'गणशत्रू'. मूळ नाटक हेन्रिक इब्सेनचं, १८८२ चं 'अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल'. नाटकात दक्षिण नॉर्वेतलं एक किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथल्या आरोग्यस्नानांसाठी बाहेरगावची आजारी माणसं येतात आणि त्यांच्या पैशावर गाव वर आलंय. डॉक्टर स्टॉकमनला संशय येतो, तो पाण्याचे नमुने विद्यापीठात पाठवतो आणि उत्तर येतं की पाणी दूषित आहे. वरच्या बाजूच्या चामड्याच्या कारखान्यांची घाण नळांत उतरते आहे. रायांच्या चंडीपूरमध्ये स्नानांच्या जागी त्रिपुरेश्वराचं देऊळ आहे आणि पाण्याच्या जागी चरणामृत. आजार काविळीचा. दोष मात्र दोन्हीकडे जमिनीखालच्या नळांतच आहे. तो भाग रायांनी बदलला नाही आणि ते फार शहाणपणाचं झालं. देवळातल्या तीर्थावर शंका घ्यायला डॉक्टरला तत्त्वज्ञान लागत नाही, नळजोडणी पुरते.

या एका अदलाबदलीने किती गोष्टी हलतात ते बघण्यासारखं आहे. स्नानाचं पाणी ही विकायची सेवा. त्याबद्दल कुणाच्या मनात भक्ती नाही. चरणामृत माणूस ओंजळीत घेऊन पितो आणि ते नाकारणं हा अपमान ठरतो. म्हणजे डॉक्टरच्या विरोधकांच्या हातात उत्पन्नाच्या जोडीला श्रद्धाही आली. देऊळ आणि रुग्णालय दोन्ही ज्याच्या पैशावर उभं आहे तो भार्गव म्हणतो की त्यात गंगाजल आहे, तुळस आहे, ते अशुद्ध होणारच नाही. प्रयोगशाळेच्या अहवालाला असं उत्तर इब्सेनच्या गावात कुणी देऊ शकलं नसतं. चित्रपट आला ते वर्ष अयोध्येच्या वादाने देशभर वातावरण तापलेलं होतं, तेव्हा ही निवड किती थेट होती हे वेगळं सांगायला नको.

पण याची किंमतही मोजावी लागते आणि रूपांतरकाराने ती आधीच हिशेबात धरलेली बरी. इब्सेनच्या गावातल्या प्रमुख माणसांना आतून माहीत असतं की डॉक्टर बहुधा खरं बोलतोय. तरीही ती त्याच्यावर उलटतात. चंडीपूरच्या गर्दीतला मोठा भाग मनापासून मानतो की तीर्थ शुद्धच असतं. मग तो खोटारडा राहत नाही आणि सगळी लबाडी दोन-चार माणसांच्या अंगावर येऊन पडते. तिथून खलनायक सपाट व्हायला लागतात. ज्याला हा मार्ग घ्यायचाय त्याने डॉक्टरच्या अगदी जवळचं, घरात रोज पूजा करणारं एक माणूस पूर्ण ताकदीने लिहावं. त्याची श्रद्धा खरी हवी आणि डॉक्टरवरचं प्रेमही खरं हवं. नाहीतर सगळा वाद 'विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा' एवढ्यावर येऊन थांबतो आणि इब्सेनचा खरा वाद, सत्य विरुद्ध गावाची सोय, हातातून निसटतो.

बदललेली वस्तू पक्की आहे का हे तपासायची साधी रीत आहे. एका कागदावर सगळ्या पात्रांची नावं लिहायची आणि पुढे लिहायचं: ती वस्तू उद्या बंद पडली तर याचं नेमकं काय जाईल? देवळाच्या गावात पुजारी, धर्मशाळावाला, संदेश-पेढ्यांची दुकानं, सायकलरिक्षावाले, नगरपालिका, देणगीदार, जाहिरातींवर चालणारं स्थानिक वर्तमानपत्र, अशी साखळी चटकन उभी राहते. ज्याचं काहीच जात नाही तो पटकथेत नुसता संवाद म्हणायला उभा असतो, त्याला काढावं. नाटकातला छापखान्याचा मालक आस्लाक्सन तिसऱ्या अंकात का उलटतो ते पाहा. नगराध्यक्ष त्याला सांगतो की नळ बदलायचा खर्च गावाला कर्ज काढून भागवावा लागेल आणि स्नानं दोन वर्षं बंद राहतील. आस्लाक्सन लहान घरमालकांचा पुढारी. कर्ज म्हणजे त्याच्याच माणसांच्या खिशाला भोक. हे एक वाक्य पटकथेतून गळलं की संपादक आणि मुद्रक अचानक भित्रे झालेले दिसतात आणि प्रेक्षक म्हणतो, काल तर पाठीवर थाप मारत होते! 'गणशत्रू'तल्या 'जनवार्ता'चा संपादक हरिदास बागची (दीपंकर दे) आणि मुद्रक अधीर मुखर्जी (मनोज मित्रा) यांच्यासारख्या पात्रांना वळण द्यायचं तर ते वळण पैशाच्या आकड्यावरच द्यावं. मुदत आणि रक्कम दोन्ही संवादात स्पष्ट ऐकू आली पाहिजेत.

आजार निवडतानाही असाच काटेकोरपणा लागतो. दूषित पाण्यातून होणारी कावीळ पाणी पोटात गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी दिसते. यात्रेकरू तोवर आपापल्या गावी पोचलेला असतो, म्हणून गावातले लोक प्रामाणिकपणे म्हणू शकतात की इथे तर कुणी आजारी नाही. ही विलंबाची फट पटकथेला सोन्यासारखी आहे. तिच्यामुळेच डॉक्टरला नमुने, नोंदी आणि बाहेरून येणारा अहवाल लागतो आणि विरोधकाला बोलायला जागा मिळते. त्याच जागी पटकीसारखा काही तासांत ते चार-पाच दिवसांत उघड होणारा आजार घेतला तर गावातच प्रेतं पडतील आणि वादाला अर्थच उरणार नाही.

बंगाली पडद्यावर आणि वेबमालिकांत इतरांनीही हा पाया वेगवेगळ्या तऱ्हांनी घातला आहे. अपर्णा सेन यांच्या 'आर्शिनगर'मध्ये (२०१५) 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधल्या दोन घराण्यांचं वैर हिंदू-मुसलमान आणि जमिनीच्या धंद्यावर उभं केलंय. अनिर्बाण भट्टाचार्य यांच्या 'मंदार' या वेबमालिकेत (२०२१) मॅकबेथचं राज्य म्हणजे किनाऱ्यावरच्या गावातला मासळीचा धंदा. सिंहासन म्हणजे कुणाच्या हुकमावर धंदा चालतो हे, आणि ते दाखवायला मुकुट लागत नाही. 'आर्शिनगर'चे संवाद यमकात आहेत. माझ्या मते पडद्यावर हे फार जोखमीचं आहे. रंगमंचावर नट दहा फुटांवरून बोलतो तेव्हा यमक त्याला उचलून धरतं. क्लोजअपमध्ये तेच यमक डोळ्यांतल्या भावाच्या आधी पोचतं आणि भाव उशिरा आल्यासारखा वाटतो. गाण्याच्या अंगाने सबंध चित्रपट बांधला असेल तरच ते पेलतं.

आता नाती. नाटकात नगराध्यक्ष पीटर हा डॉक्टरचा थोरला भाऊ. 'गणशत्रू'त निशीथ (धृतिमान चॅटर्जी) धाकटा आहे. बंगाली घरात हा लहान बदल नाही. थोरला भाऊ दटावतो तेव्हा ती घरातली रीत असते, प्रेक्षक तिच्याकडे राजकारण म्हणून पाहतच नाही. धाकटा जेव्हा 'दादा' म्हणत म्हणत थोरल्याची नोकरी घालवतो, तेव्हा संबोधन आणि कृती यांतली फट प्रत्येक प्रसंगात टोचत राहते. बंगालीत आदराचं आपनी, नेहमीचं तुमी आणि सलगीचं तुई अशा तीन पायऱ्या आहेत. पटकथा पक्की करण्याआधी कोण कुणाला काय म्हणतो याचा तक्ता करावा आणि जिथे पायरी बदलते त्या जागेवर खूण करावी. सबंध चित्रपटात अशा दोन-तीनच जागा असाव्यात. आजवर 'तुमी' म्हणणारा माणूस शांतपणे 'आपनी'वर गेला की आरडाओरड्यापेक्षा जास्त दुखतं. नुसत्या इंग्रजी अनुवादावरून काम करणाऱ्यांच्या हातून हीच गोष्ट सर्रास सुटते, कारण तिथे सगळ्यांना एकच 'यू'.

पात्रं किती ठेवायची? नाटकात बोलणारी अकरा माणसं आणि वर जमाव. 'गणशत्रू' सुमारे शंभर मिनिटांचा आहे. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट हा ढोबळ हिशेब धरला तर शंभर पानांत हे सगळं बसवायचं. रायांनी डॉक्टरचे दोन लहान मुलगे गाळले, सासरा मॉर्टन कील गाळला. मुलगी ठेवली (ममता शंकर), बायको ठेवली (रुमा गुहठाकुरता), सभेला जागा देणाऱ्या जहाजाच्या कप्तानाच्या ठिकाणी नाटकमंडळीतला तरुण रणेन आणला. कप्तान ते नाटकवाला हा बदल नेमका आहे; बंगालच्या लहान गावात सत्तेशी बांधिलकी नसलेली आणि सभेची जागा मिळवून देऊ शकणारी माणसं म्हणजे हौशी नाटकवालेच.

कीलला गाळणं मात्र मला खटकतं. नाटकात हा म्हातारा, ज्याच्या चामड्याच्या कारखान्यामुळे पाणी नासलं, तो मुलीच्या आणि नातवंडांच्या वाट्याच्या पैशांतून स्नानांचे पडलेल्या भावातले शेअर विकत घेतो आणि जावयाला सांगतो: आता बोल, पाणी वाईट आहे म्हण आणि बायकोपोरांना भिकेला लाव. शेवटच्या अंकातला खरा मोह हाच आहे. दगडफेक, नोकरी जाणं, घर सोडायची नोटीस हे सगळं बाहेरून येतं आणि ते सोसणारा माणूस आपोआप मोठा दिसतो. शेअरचा कागद घरातून येतो आणि तिथे डॉक्टर क्षणभर डगमगतो. तो प्रसंग नसला की शेवटचा भाग माराची यादी होऊन बसतो. देवळाच्या कथेतही याची जागा सापडते: सासऱ्याने मुलीच्या नावावर देवळाजवळची धर्मशाळा घेतली, एवढंच पुरे आहे.

प्रवेश आणि निर्गमन ही नाटकातून सिनेमात येताना सगळ्यात चिवट अडचण. इब्सेनचा एकेक अंक अर्ध्या तासाच्या आसपास एकाच खोलीत चालतो. सगळी कथा पाच अंकांत आणि तीन ठिकाणी: डॉक्टरचं घर, वर्तमानपत्राची कचेरी, कप्तानाच्या घरातली मोठी खोली. माणसं दार उघडून आत येतात, बोलतात, जातात. बंगालीत याला एक नैसर्गिक आधार आहे: बैठकखाना आणि अड्डा, म्हणजे गप्पांची बैठक. संध्याकाळी न कळवता डॉक्टरबाबूंकडे चहाला येणं यात काही खटकत नाही. त्यामुळे बैठकखाना ठेवावा, फक्त प्रत्येक येण्याला एक काम द्यावं. उगाच आलेला माणूस नाटकात खपतो, सिनेमात दिसतो. टेलिफोनचा विचारही इथेच करावा लागतो. १८८२ मध्ये प्रत्येकाला स्वतः यावं लागायचं. घरात फोन आला की निम्म्या भेटींचं कारण संपतं. जी भेट फोनवर उरकू शकते ती फोनवर उरकावी आणि ज्या भेटीत समोरच्याचा चेहरा पाहणं गरजेचं आहे तेवढीच प्रत्यक्ष ठेवावी. साधारण दहा-बारा मिनिटं इथेच वाचतात.

उलट, 'मोकळं करायचं' म्हणून सगळं बाहेर नेणंही तितकंच घातक. १९८३ मध्ये 'घरे बाइरे'च्या वेळी रायांना हृदयविकाराचा झटका आला आणि पुढे डॉक्टरांनी बाहेरच्या चित्रीकरणाला मनाई केली, म्हणून 'गणशत्रू' स्टुडिओतच झाला. चित्रपट बोलघेवडा आणि बंदिस्त आहे ही टीका तेव्हापासून होत आली आहे. ती अंशतः खरी आहे, पण दोष खोलीला देणं चूक. एका जागच्या प्रसंगात तीन गोष्टी बदलत राहिल्या की तो चालतो: माणसांमधलं अंतर, उजेड आणि बाहेरून येणारा आवाज. देवळाची घंटा, लाउडस्पीकर, रिक्षाचा भोंगा हे आवाज पहिल्या भागात निरुपद्रवी ऐकवले, तर शेवटी तेच आवाज जमाव जवळ आल्याची खबर देतात. चौथ्या भिंतीकडे, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला, पाहून उभे राहायची नाटकी सवय मात्र मोडायलाच हवी. नट टेबलाच्या एकाच बाजूला बसले की कॅमेरा कितीही हलवा, रंगमंचच दिसतो.

आणि मग सभा. चौथा अंक. यावर सबंध रूपांतर तगतं किंवा पडतं.

इब्सेनमध्ये काय होतं: डॉक्टर अहवाल वाचायला उभा राहतो. त्याआधीच नगराध्यक्षाच्या सूचनेवरून आस्लाक्सनला सभाध्यक्ष केलं जातं आणि पाण्याच्या विषयावर डॉक्टरने बोलू नये असा ठराव होतो. तेव्हा डॉक्टर म्हणतो, पाण्यावर नाही बोलत. आणि मग बहुमत कधीच बरोबर नसतं हे त्याचं जळजळीत भाषण सुरू होतं. शेवटी निळ्या आणि पांढऱ्या चिठ्ठ्यांनी मतदान होतं आणि एका दारुड्याचं मत सोडून सगळी सभा त्याला लोकांचा शत्रू ठरवते. हे भाषण आजच्या कानाला सोपं नाही. त्यात माणसांची तुलना उत्तम जातीच्या आणि गावठी कुत्र्यांशी आहे. जसंच्या तसं ठेवलं तर प्रेक्षक डॉक्टरपासून तुटतो. काढलं तर नाटकाचा कणा जातो.

रायांनी ते काढलं. 'गणशत्रू'च्या सभेत डॉक्टरला (सौमित्र चॅटर्जी) मुद्द्यापर्यंत पोचूच दिलं जात नाही. निशीथ विचारतो की तुम्ही स्वतःला हिंदू मानता का, आणि मग देवळात कधी गेलात का. खरं बोलणाऱ्या माणसाकडे या प्रश्नांना सोयीचं उत्तर नसतं. पाण्याचा अहवाल बाजूला पडतो आणि डॉक्टरच्या धर्माची उलटतपासणी होते. रूपांतराची खरी कमाई मला या प्रसंगात दिसते. मूळ नाटकात नसलेली, पण त्या गावाच्या आतून उगवलेली ही चाल आहे आणि ती बंगालबाहेरच्या कुठल्याही भारतीय प्रेक्षकाला लगेच कळते.

हा प्रसंग घ्यायचा असेल तर काही व्यावहारिक गोष्टी. साठ-सत्तर माणसं पुरतात. कॅमेरा खांद्याच्या उंचीवर ठेवला आणि मागची दारं बंद असली तर सभागृह गच्च दिसतं. त्यातल्या पाच-सहा चेहऱ्यांना आधीच्या प्रसंगांत ओळख करून द्यावी: पेढेवाला, रुग्णालयातला कंपाउंडर, मुलीच्या शाळेतल्या बाई. उलटणारी गर्दी अनोळखी असली तर धक्का बसत नाही. जमावाचा आवाज नटांच्या संवादाबरोबर न घेता वेगळा घ्यावा आणि कुजबुज, हसू, गलका असे तिन्ही थर सुटे ठेवावेत, म्हणजे संकलनात डॉक्टरचं वाक्य नेमक्या शब्दावर बुडवता येतं. सलग भाषण ठेवायचंच असेल तर दीड मिनिटापलीकडे व्यत्ययाशिवाय जाऊ देऊ नये. आणि चिठ्ठ्यांचं मतदान कुणी तरी परत आणावं असं मला फार वाटतं. हातांनी घडी घालून टाकलेले कागद क्लोजअपमध्ये जे सांगतात ते घोषणा सांगू शकत नाहीत.

शेवटाबद्दल मतभेद राहणारच. इब्सेनचा डॉक्टर म्हणतो की जगातला सर्वांत बलवान माणूस तो, जो सर्वांत एकटा उभा असतो. तो गाव सोडत नाही आणि रस्त्यावरची पोरं गोळा करून शिकवायचं ठरवतो. रायांचा डॉक्टर एकटा राहत नाही. वर्तमानपत्र सोडलेला बिरेश त्याची बाजू छापायला पुढे येतो, रणेनची मंडळी येते, बाहेर त्याच्या नावाचा जयजयकार ऐकू येतो. अनेकांना हे सोपं वाटलं. मला पेच शेवटाच्या आशेत दिसत नाही, तिच्या तयारीत दिसतो. शेवटी येणारी तरुण मंडळी आधी पुरेशी दिसलेली नसली, तर ती बाहेरून पाठवल्यासारखी वाटते. सभेच्या प्रसंगातच मागच्या रांगेत दोन-तीन तरुण गप्प उभे राहिलेले दिसले, त्यांना बोलायचं होतं आणि ते बोलले नाहीत हे दिसलं, तर शेवटचा आवाज त्यांचा उशिरा आलेला आवाज होतो.

बंगाली प्रेक्षकाला हे नाटक नवं नव्हतं हेही विसरू नये. शंभू मित्रांच्या 'बहुरूपी' या नाट्यसंस्थेने 'दशचक्र' या नावाने ते १९५२ मध्येच रंगमंचावर आणलं होतं, आणि 'अ डॉल्स हाउस'चं 'पुतुल खेला' १९५८ मध्ये. शेक्सपिअर तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. 'कॉमेडी ऑफ एरर्स'वरून केलेलं विद्यासागरांचं 'भ्रांतिविलास' १८६९ चं, आणि त्यावरच्या १९६३ च्या चित्रपटात उत्तमकुमार आणि भानू बंद्योपाध्याय दोघेही दुहेरी भूमिकांत. अशा वेळी आधीच्या रूपांतरातलं एखादं वाक्य किंवा पात्राचं नाव नकळत उचललं जातं. म्हणून हक्कांची कागदपत्रं पटकथेच्या पहिल्या खर्ड्याआधी पाहावीत.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, त्या वर्षाअखेरीपासून ६० वर्षं हक्क टिकतो. इब्सेन १९०६ मध्ये गेला, चेखव १९०४ मध्ये. ते मोकळे आहेत. शॉ १९५० मध्ये गेला, म्हणून २०११ पासून इथे मोकळा. ब्रेख्त १९५६ मध्ये गेला; भारतात तो २०१७ पासून मोकळा, पण जर्मनीत मुदत ७० वर्षांची असल्याने तिथे २०२६ संपेपर्यंत हक्क चालू. चित्रपट युरोपातल्या महोत्सवाला किंवा वाहिनीला द्यायचा असेल तर हे आधीच ठाऊक हवं. मूळ नाटक मोकळं असलं तरी अनुवाद मोकळा असतोच असं नाही. 'अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल'ची आर्थर मिलरने केलेली १९५० ची आवृत्ती बऱ्याच जणांच्या हातात असते. मिलर २००५ मध्ये गेला, म्हणजे तिचा हक्क अजून कितीतरी वर्षं आहे. मिलरने सभेतलं भाषण सौम्य केलं, काही वाक्यं स्वतःची घातली. ती इब्सेनची समजून बंगालीत आली तर नोटीस येऊ शकते. एलेनॉर मार्क्सचा १८८८ चा जुना इंग्रजी अनुवाद हाताशी ठेवावा, ज्या वाक्याबद्दल शंका येईल ते त्याच्याशी ताडून पाहावं, आणि नॉर्वेजियन जाणणाऱ्या माणसाकडून निदान चौथा अंक तरी मुळाबरहुकूम वाचून घ्यावा.